वयाच्या खात्यावर मांडलेले दुखणे : उतारवयातील सीलिॲक

जिना चढताना लागणारी धाप, वर्षभरात सैल पडलेले कपडे, दुपारच्या जेवणानंतर तट्ट फुगणारे पोट आणि साध्या घसरण्याने मोडलेले मनगट ही लक्षणे सत्तरीतल्या एकाच माणसात दिसली, तरी मराठी घरात त्यांचे स्पष्टीकरण बहुधा एकाच शब्दात दिले जाते आणि तो शब्द म्हणजे वय. वयाने शरीर झिजते हे खरे आहे. परंतु वय हे कारण एकदा सांगून झाले की पुढचा शोध थांबतो, आणि ज्यांच्यावर रोजच्या ताटातूनच उपचार करता आला असता असे काही आजार त्यामुळे वर्षानुवर्षे निनावी राहतात. सीलिॲक हा अशा आजारांपैकी एक असून त्याचे उतारवयातील रूप हा या व्याख्यानाचा विषय आहे.

गहू, जव म्हणजे सातू, आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचा प्रथिनांचा समूह असतो. तो पाहायचा असेल तर प्रयोगशाळेची गरज नाही. भिजवलेल्या कणकेचा गोळा नळाच्या बारीक धारेखाली धरून बोटांनी दाबत राहिले, तर आधी दुधासारखे पांढरे पाणी वाहून जाते, ते पिष्ट; पाणी स्वच्छ येऊ लागले की मुठीत उरतो तो ताणला तर लांबणारा, सोडला तर आक्रसणारा, रबरासारखा करडा गोळा म्हणजे ग्लुटेन. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या विद्वानाने 1728 साली हाच प्रयोग मांडला होता. या चिवटपणामुळेच पोळी कागदासारखी पातळ लाटता येते आणि तव्यावर टम्म फुगते. ज्वारीच्या पिठात तो नसल्याने भाकरीला गरम पाण्याची उकड घ्यावी लागते आणि ती लाटण्याऐवजी हातावर किंवा परातीत थापावी लागते. मराठी स्वयंपाकघरातील पोळी आणि भाकरी यांच्यामधली ही जुनी सीमारेषा सीलिॲकच्या रुग्णासाठी आजार आणि आरोग्य यांच्यामधली सीमारेषा ठरते.

ग्लुटेनमधील ग्लायडिन या घटकाचे पूर्ण पचन कोणाच्याच पोटात होत नाही, कारण त्यातील अमिनो आम्लांची गुंफणच अशी आहे की पाचकरसांची कात्री तिच्या काही भागांवर चालत नाही; 33 अमिनो आम्लांचा असा एक न तुटणारा तुकडा 2002 साली संशोधकांनी वेगळा काढून दाखवला. बहुतेक माणसांत हे तुकडे निरुपद्रवीपणे पुढे सरकून जातात. सीलिॲकच्या रुग्णात मात्र ते आतड्याच्या अस्तरात शिरतात, तेथील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्यांच्यात थोडा बदल घडवते, आणि बदललेला तुकडा डीक्यू-2 किंवा डीक्यू-8 या आनुवंशिक खुणा असलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर घट्ट बसतो. प्रतिकारयंत्रणेच्या पेशींना तो शत्रू वाटतो, आणि त्याच्याविरुद्ध सुरू झालेल्या लढाईत आतड्याचे अस्तरच उद्ध्वस्त होते. हे विकर हेच या आजारातील स्वप्रतिकाराचे लक्ष्य आहे, हे 1997 साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवल्यापासून रक्ताच्या एका साध्या चाचणीने या आजाराचा संशय पक्का करता येऊ लागला.

उद्ध्वस्त होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय म्हातारपणातील लक्षणांचा उलगडा होत नाही. लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर मखमलीच्या लवेप्रमाणे असंख्य बारीक उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात आणि त्यांची उंची सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर असते. अन्नातील सत्त्व शोषून घेण्याचे काम याच लवेवर चालते. सीलिॲकमध्ये ही लव आखूड होत होत शेवटी सपाट होते, आणि मखमलीच्या जागी गुळगुळीत रेक्झिन यावे तशी अस्तराची अवस्था होते. ही पडझड सर्वत्र सारखी नसते. जठरातून अन्न प्रथम ज्या भागात उतरते त्या आद्यांत्रात ती सर्वाधिक असते आणि पुढे कमी होत जाते. लोह मुख्यतः त्याच पहिल्या भागात शोषले जाते आणि कॅल्शियमचे सक्रिय शोषणही मुख्यतः तेथेच होते, तर पुढचे काही मीटर निरोगी आतडे उरलेले बरेचसे अन्न सांभाळून घेते. त्यामुळे अनेकदा रुग्णाला जुलाब होत नाहीत, वजनही फारसे उतरत नाही, आणि तरीही रक्त व हाडे निमूटपणे रिकामी होत राहतात. ज्याचे पोट ठीक आहे त्याच्या पोटात आजार असेल अशी शंका कोणाला येणार?

या आजाराच्या इतिहासानेही ही शंका येण्याच्या वाटेत अडथळा उभा केला. कॅपाडोशियाच्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने सुमारे 1,900 वर्षांपूर्वी अन्न न पचता पोटातून निघून जाण्याच्या दीर्घ आजाराचे वर्णन केले आणि पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. त्याचे म्हणणे असे होते की हा आजार म्हाताऱ्या माणसांच्या परिचयाचा असून पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. त्याने पाहिलेले सर्व रुग्ण आजच्या व्याख्येत बसतील असे म्हणता येणार नाही. पण पहिल्या वर्णनात वृद्ध होते ही गोष्ट पुढे विसरली गेली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात सॅम्युएल गी यांनी 1887 साली दिलेल्या आणि पुढच्या वर्षी छापलेल्या व्याख्यानातून आधुनिक वर्णन सुरू झाले. हा आजार सर्व वयांत होतो हे गी यांनीही नोंदवले होते, परंतु एक ते पाच वर्षांच्या मुलांवर त्यांचा भर होता आणि वाचकांनी तेवढेच लक्षात ठेवले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी 1924 साली केळ्यांचा आहार सुचवला. त्यातून ब्रेड वगळलेला असल्याने मुले सुधारली, आणि सुधारलेली मुले कायमची बरी झाली असे मानून पुढे त्यांना सर्व काही खाऊ दिले गेले. गव्हाकडे निःसंदिग्धपणे बोट दाखवले ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली आणि ब्रेड दुर्मीळ झाला. त्या काळातील अनुभवाने त्यांचा युद्धापूर्वीपासूनचा संशय बळावला, आणि 1950 साली उट्रेक्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी तो सिद्ध केला.

गी, हास आणि डिके या तिघांचेही रुग्ण लहान मुले होते, आणि त्यामुळे किरकोळ हातापायांचे, फुगलेल्या पोटाचे, चिडचिडे मूल हेच या आजाराचे चित्र डॉक्टरांच्या मनात कोरले गेले. प्रौढांच्या आतड्यातील तीच पडझड इंग्लंडमध्ये पॉली यांनी 1954 साली शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या तुकड्यांत दाखवली, आणि त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत मार्गो शायनर यांची नळी व क्रॉस्बी यांची कॅप्सूल आल्याने पोट न उघडता आतड्याचा नमुना घेता येऊ लागला. निदानाचे साधन प्रौढांपर्यंत पोहोचले, पण डॉक्टरांच्या मनातले चित्र बदलायला आणखी काही दशके गेली.

म्हाताऱ्या माणसाला सीलिॲक असल्याचे कळते तेव्हा तो जन्मभर लपून राहिलेला असतो की उतारवयातच सुरू झालेला असतो, हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. इटलीत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1,353 रुग्णांपैकी 60 रुग्णांचे निदान वयाच्या 65 वर्षांनंतर झालेले होते, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत त्यांची सरासरी 17 वर्षे गेली होती. पन्नाशीत सुरू झालेल्या कुरबुरीचे नाव सत्तरीजवळ कळावे, इतका हा काळ आहे. उशीर हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर अमेरिकेतील मेरिलँड राज्यातून आले. तेथे 1974 साली साठवून ठेवलेले आणि त्याच माणसांकडून 1989 साली पुन्हा घेतलेले रक्ताचे नमुने तपासले असता पहिल्या वेळी दर 501 माणसांत एक आणि दुसऱ्या वेळी दर 219 माणसांत एक असे सीलिॲकचे प्रमाण निघाले. माणसे तीच होती, फक्त पंधरा वर्षांनी मोठी झाली होती. आयुष्यभर गहू खाऊन ज्यांना काही झाले नव्हते त्यांच्यापैकी काहींची ग्लुटेन सोसण्याची क्षमता उतरत्या वयात संपली, असा याचा अर्थ होतो, आणि "जन्मभर पोळीच खाल्ली, आता काय होणार" या नेहमीच्या युक्तिवादाला त्यातून उत्तर मिळते. फिनलंडमध्ये 52 ते 74 या वयोगटातील 2,815 जणांची तपासणी झाली तेव्हा आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीने सिद्ध झालेले प्रमाण 2.13 टक्के निघाले. सर्वसाधारणपणे सांगितल्या जाणाऱ्या 1 टक्क्याच्या ते दुप्पट आहे. उतारवयात हा आजार विरळ होत नाही. त्याची आठवण विरळ होते.

उतारवयातील लक्षणांत सर्वांत पुढे असतो तो रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन कमी होणे. साठीनंतर लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आढळला की जाणते डॉक्टर पोटातून कुठे रक्त जाते काय, विशेषतः मोठ्या आतड्याचा किंवा जठराचा कर्करोग आहे काय, हे प्रथम पाहतात आणि ते योग्यच आहे. त्यासाठी वरून आणि खालून दुर्बिणीने तपासणी होते, व्रण किंवा गाठ दिसत नाही, अहवालावर "सामान्य" असे लिहिले जाते, आणि घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मात्र त्याच दुर्बिणीतून आद्यांत्राचे तुकडे घेतले गेलेले नसतील, तर सीलिॲकचा प्रश्न विचारलाच गेला नाही असे समजावे लागते, कारण सपाट झालेले रसांकुर नुसत्या डोळ्यांना दिसतीलच असे नाही. आद्यांत्राच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एकदोन असे तुकडे घ्यावेत असा संकेत आहे. दुर्बीण आत असताना या कामाला काही मिनिटे पुरतात. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयाच्या रुग्णांत सीलिॲकचे प्रमाण सुमारे 3 टक्के असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसले आहे, म्हणजे दर एकतीस रुग्णांत एक. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, काळे शौच आणि बद्धकोष्ठ एवढेच पदरी पडते, अशा रुग्णाच्या गोळीचा ब्रँड बदलण्यापूर्वी ही गोळी शोषली जाते काय हे विचारले जायला हवे.

हाडांचे तसेच आहे. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे, आणि नेमक्या या माहितीमुळेच कॅल्शियम व जीवनसत्त्व ड यांच्या कमतरतेचे दुसरे कारण शोधण्याची गरज वाटेनाशी होते. पुरुषाला ठिसूळ हाडे झाली, औषधे घेऊनही घनता वाढली नाही, किंवा रक्तातील जीवनसत्त्व ड भरपूर मात्रा देऊनही चढले नाही, तर आतड्याकडे पाहणे आवश्यक ठरते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, थायरॉइडच्या गोळीची मात्रा सारखी वाढवत न्यावी लागणे, यकृताच्या चाचण्यांत विनाकारण थोडी वाढ दिसणे आणि तोंडात पुन्हा पुन्हा छाले येणे ही लक्षणेही याच मुळातून निघू शकतात. प्रत्येक लक्षणासाठी वेगळा तज्ज्ञ आणि वेगळी फाइल असल्याने ती एकत्र मांडून पाहण्याचे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही. हे काम पूर्वी घरचे डॉक्टर करीत, आणि त्यांची जागा रिकामी होण्याची किंमत वृद्ध रुग्ण सर्वाधिक मोजतात.

भारतात हा आजार पंजाब-हरियाणाकडचा समजला जातो. त्या समजाला आधार आहे, पण तो जसा मानला जातो तसा नाही. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील मिळून 23,331 प्रौढांच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने तयार केलेली प्रथिने, सापडण्याचे प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के निघाले. डीक्यू-2 किंवा डीक्यू-8 या आनुवंशिक खुणा मात्र तिन्ही विभागांत सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून थोड्या अधिक लोकांत होत्या, उत्तरेत 38.1 टक्के आणि दक्षिणेत 36.4 टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणावा इतका कमी. मोठा फरक होता तो गव्हात : उत्तरेत माणशी रोज 455 ग्रॅम, तर दक्षिणेत 25 ग्रॅम. बी सगळीकडे सारखे पेरलेले आहे, पाणी मात्र कमीअधिक मिळते, असे या आकड्यांचे वाचन करता येते. पश्चिम भारत या पाहणीत नव्हता. परंतु गेल्या दोन पिढ्यांत महाराष्ट्राच्या ताटात झालेला बदल सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलेला आहे. ज्वारी-बाजरीचा पेरा घटला, रेशनच्या दुकानातून गहू घरोघर पोहोचला, आणि सणावाराला होणारी पोळी रोजची झाली.

वृद्धांच्या बाबतीत या बदलाला आणखी एक पदर आहे आणि तो इतरत्र क्वचितच विचारात घेतला जातो. ज्याने पन्नास वर्षे भाकरी खाल्ली त्याचे दात पडले की भाकरी चावत नाही म्हणून त्याला मऊ पोळी दिली जाते. कवळी बसवली तरी ज्वारीची कड तिच्याखाली सलते. मधुमेह निघाला की भात बंद होतो आणि त्याची जागा दोन पोळ्या घेतात. मुलाकडे शहरात राहायला गेल्यावर भाकरी थापणारा हात घरात नसतो. आजारपणात पचायला हलके म्हणून रव्याची पेज, दलियाची खिचडी, दुधात शिजवलेल्या शेवया आणि चहात बुडवलेला टोस्ट येतो. विदर्भ-खानदेशात अशक्तपणावर गव्हाचा चीक करून दिला जातो. म्हणजे आयुष्यात गव्हाचा सर्वाधिक भार पडतो तो नेमका म्हातारपणी, आणि तोही मायेपोटी. ज्या पदार्थाने दुखणे वाढते तोच पथ्य म्हणून पुढे यावा यात कोणाचा दोष नाही; पण चीक खाऊनही अंगी लागत नाही असे दिसले, तर चिकाचे प्रमाण वाढवण्याआधी रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

ही तपासणी म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच्या आयजीए जातीच्या प्रतिपिंडांचा शोध होय, आणि तिच्यासोबत रक्तातील एकूण आयजीए मोजावे लागते, कारण ज्यांच्यात मुळातच आयजीए कमी असते त्यांची चाचणी खोटी निर्दोष येते. या ठिकाणी एक इशारा कळकळीने द्यावा लागतो. चाचणीपूर्वी गहू सोडू नये. गहू बंद केल्यावर प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात, अस्तरही सावरू लागते, आणि मग रक्त व तुकडा दोन्ही निर्दोष आल्याने निदानाची वाट बंद होते. वजन कमी करण्यासाठी किंवा कोणी सांगितले म्हणून गहू सोडण्याची जी लाट सध्या आहे तिने खऱ्या रुग्णांचे असे नुकसान होते. प्रौढांत प्रतिपिंडे सापडल्यावरही सामान्यतः आतड्याच्या तुकड्याने खात्री करून घेतली जाते. उतारवयात तर तिची अधिकच गरज असते, आणि तुकड्यात रसांकुर सपाट दिसले तरी विचार तेथे संपत नाही, कारण भारतात ट्रॉपिकल स्प्रू हा जंतुसंसर्गाशी निगडित शोषणविकार, जिआर्डिया हा परजीवी, आतड्यातील जंतूंची बेसुमार वाढ आणि आतड्याचा क्षय हे सारे कमीअधिक फरकाने असेच चित्र उभे करू शकतात. रक्तदाबासाठी दिले जाणारे ओल्मेसार्टन हे औषधही काही रुग्णांत हुबेहूब असाच विकार घडवते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 2012 साली अशा 22 रुग्णांची नोंद केली आणि औषध बंद केल्यावर ते सुधारले. म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांच्या डब्यातील प्रत्येक पट्टी म्हणूनच डॉक्टरांसमोर ठेवली गेली पाहिजे. आनुवंशिक खुणांची चाचणी मात्र सर्वांना सांगू नये : त्या खुणा असलेल्यांपैकी फार थोड्यांनाच आजार होतो, म्हणून तिचा उपयोग, खुणा नसतील तर आजाराची शक्यता जवळजवळ संपते, एवढ्यापुरताच आहे.

निदान पक्के झाले की उपचार एकच आहे : ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे बंद. औषध नाही म्हणून हळहळ वाटण्याचे कारण मराठी माणसाला इतरांपेक्षा कमी आहे, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, मका आणि सर्व डाळी यांत ग्लुटेन नाही. एकादशीचे ताट तर जवळजवळ संपूर्णपणे या रुग्णाच्या सोयीचे असते. अडचण आहे ती न दिसणाऱ्या गव्हाची. भाजणीत मूठभर गहू घालण्याची अनेक घरांत पद्धत आहे, मेतकुटात गहू असतो, सातूचे पीठ म्हणून जे मिळते त्यातही गहू असतो. बाजारातील बांधानी हिंग शुद्ध हिंग नसते. ते बांधण्यासाठी पुष्कळदा गव्हाचे पीठ वापरलेले असते, आणि त्यामुळे गव्हाचा कणही नसलेल्या आमटीत तो फोडणीतून उतरतो. डबीवरचे घटक भिंग लावून वाचण्याची सवय येथे कामी येते, आणि तांदळाच्या पिठात बांधलेले हिंगही मिळते. खपली गहू मधुमेहींना मानवतो या समजुतीने सातारा-सांगलीकडे आणि आता शहरांतही आवडीने खाल्ला जातो. तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सीलिॲकच्या रुग्णाला तो वर्ज्य आहे. गोव्याकडे पोदेराचा, म्हणजे पाव भाजणाऱ्याचा, पाव हा रोजचा घास असल्याने तेथील वृद्धांना तो सोडणे जड जाते. आणि कॅथलिक भाविकांच्या प्रार्थनेतील ओस्ती, म्हणजे पवित्र भाकर, गव्हाचीच असावी लागते, पण अत्यल्प ग्लुटेन असलेली ओस्ती चालते असे व्हॅटिकनने 2003 साली स्पष्ट केलेले आहे.

सर्वांत मोठी चूक गिरणीत होते. ज्वारीचा डबा गिरणीवर दिला जातो, त्याच्या आधी त्याच जात्यावर कोणाचे तरी दहा किलो गहू दळलेले असतात, आणि पाळीच्या फटींत, पिठाच्या पिशवीत व झडपेवर साचलेली कणीक ज्वारीच्या पहिल्या पायलीत उतरते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे असा जागतिक आणि भारतीय दंडक आहे. चमचाभर कणीक या मर्यादेच्या कित्येक पट असते. काटेकोर पथ्य पाळूनही प्रतिपिंडे खाली येत नाहीत अशा रुग्णाच्या घरी पहिला प्रश्न पीठ कोठे दळले हा विचारावा. घरघंटी परवडत असेल तर ती केवळ त्याच्या धान्यासाठी राखून ठेवावी. नाहीतर भात, वरण, उसळ, वरीचे तांदूळ, घावनासाठी घरीच भिजवून वाटलेले तांदूळ असा न दळता होणारा आहार वाढवावा. पोळपाट आणि तवा वेगळा असावा, पोळीचा चिमटा भाकरीला लावू नये, आणि कणकेची परात घासून झाली तरी तीच पुढे भाकरीसाठी घेऊ नये.

वृद्ध रुग्ण स्वतः स्वयंपाक करीत नसेल तर हे सारे दुसऱ्याच्या हातात असते, आणि तेथे औषधशास्त्र संपून कुटुंबशास्त्र सुरू होते. सुनेच्या कामात भर पडू नये म्हणून मुकाट्याने अर्धी पोळी खाणारी सासू, सत्यनारायणाच्या प्रसादाचा चमचाभर शिरा नाकारणे पाप वाटणारे आजोबा आणि एकच मुदपाकखाना असलेला वृद्धाश्रम या तिन्ही ठिकाणी आहारतज्ज्ञाने दिलेला छापील तक्ता पुरत नाही. प्रसादाचा शिरा वरीच्या तांदळाचा किंवा राजगिऱ्याचा केला तर तो घरातील सर्वांनाच चालतो, आणि म्हाताऱ्या माणसाला आपल्यासाठी वेगळे काही करावे लागले याचा संकोच उरत नाही. ज्या घरांनी वेगळेपणा ताटावरून काढून डब्यांवर नेला, म्हणजे पिठाचे डबे वेगळे ठेवले पण पंगत एक ठेवली, त्या घरांत पथ्य टिकते. आहार बदलल्यावर मधुमेह असलेल्या रुग्णाने तांदूळ आणि साबुदाणा यांवरच भर दिल्यास साखर चढते, म्हणून नाचणी, ज्वारी आणि डाळी यांचे प्रमाण आधीच ठरवून घ्यावे लागते. आणि कवळीला भाकरी सलत असेल तर ती गरम असतानाच दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी, ही जुनी रीत पुन्हा उपयोगी पडते.

पथ्य सुरू केल्यावर पोटाच्या तक्रारी काही आठवड्यांत हलक्या होतात, हिमोग्लोबिन काही महिन्यांत चढू लागते, आणि थायरॉइडच्या गोळीची जुनी मात्रा आता जास्त होऊ शकते म्हणून ती पुन्हा तपासावी लागते, कारण आतडे पुन्हा शोषू लागलेले असते. अस्तर मात्र सावकाश भरते. मेयो क्लिनिकमध्ये 241 प्रौढ रुग्णांचे पुन्हा तुकडे घेऊन केलेल्या अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे 34 टक्के आणि पाच वर्षांनी 66 टक्के रुग्णांचे अस्तर सावरल्याचे दिसले. उतारवयात हा वेग मुलांपेक्षा बराच कमी असतो. सीलिॲकच्या काही रुग्णांत प्लीहेचे काम मंदावते, त्यामुळे न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस घेणे त्यांच्यासाठी विशेष महत्त्वाचे ठरते. काटेकोर पथ्य पाळूनही लक्षणे परतली, वजन पुन्हा उतरू लागले किंवा रात्री ताप आणि पोटदुखी सुरू झाली, तर पथ्य मोडले असेल असे गृहीत धरून थांबणे धोक्याचे आहे. पथ्याला दाद न देणारा सीलिॲकचा प्रकार आणि त्याच्या एका रूपातून उद्भवणारा लहान आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोग हे दोन्ही विरळ असले तरी ते बहुधा पन्नाशीनंतर आणि विशेषतः उशिरा निदान झालेल्यांत आढळतात.

पंच्याऐंशी वर्षांच्या, कसलाही त्रास नसलेल्या माणसाच्या रक्तात योगायोगाने प्रतिपिंडे सापडली, तर त्याच्या ताटातील पोळी काढून घ्यावी काय, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. फिनलंडमध्ये तपासणीतून शोधलेल्या पन्नाशीपुढील रुग्णांनी पथ्य पाळल्यावर त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा आणि हाडांची स्थिती सुधारली, हे पथ्याच्या बाजूने बोलते. उरलेल्या आयुष्याचा काळ, माणसाची इच्छा, घरातील मनुष्यबळ आणि त्याच्या जगण्यातील पोळीचे स्थान हे दुसऱ्या पारड्यात पडते. त्याला सर्व सांगून, त्याच्याशी बोलून ठरवणे एवढेच करता येते, आणि मुलाने परस्पर डॉक्टरांशी बोलून ठरवणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

त्याच्या अहवालाचा उपयोग मात्र त्याच्यापुरता संपत नाही. सीलिॲकच्या रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार सुमारे 7.5 टक्क्यांत, आणि नातवंडांसारख्या त्यापुढच्या नात्यांत 2.3 टक्क्यांत आढळतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित मांडणीतून दिसले आहे. आजीचे निदान बहात्तराव्या वर्षी झाले, तर चाळिशीतल्या मुलीचा जुना रक्तक्षय आणि वर्गात सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या नातीची खुंटलेली उंची यांच्याकडे पुन्हा एकदा पाहता येते, आणि दोघींची रक्ततपासणी एकाच सकाळी होऊ शकते.